तिसऱ्या रांगेतलं हसू

धाकटीने आयुष्यभर दोन नोकऱ्या केल्या. दिवसा ती शर्टाच्या कारखान्यात काजं पाडायची आणि संध्याकाळी थिएटरात तिसऱ्या रांगेत बसून हसायची. पहिल्या नोकरीत तिच्या हाताखाली एक मशीन होतं. दुसऱ्या नोकरीतही एक मशीन होतं, पण ते कोण हे लक्षात यायला तिला बरीच वर्षं लागली.

दुसरी नोकरी तिने मागितली नव्हती, ती चालून आली होती. कारखान्यात तिच्या शेजारी कॉलर शिवणारी एक बाई बसायची. तिच्याकडे कुठूनसा एका विनोदी नाटकाचा फुकट पास आला होता आणि त्यावर दोघांना प्रवेश होता. ती धाकटीला सोबत घेऊन गेली. नाटक बेताचंच होतं. नट जीव तोडून विनोद करत होते आणि प्रेक्षक हाताची घडी घालून, परीक्षेला देखरेख करायला बसल्यासारखे बघत होते. प्रत्येकजण मनातल्या मनात म्हणत असावा की बाकीचे हसत नाहीत त्या अर्थी यात हसण्यासारखं काही नसेल. बाकीचेही तेच म्हणत होते. थिएटरभर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून गंभीर झाली होती.

दुसऱ्या अंकात सासऱ्याची टोपी सूपच्या भांड्यात पडली. सासऱ्याने इकडेतिकडे बघितलं, टोपी उचलली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा डोक्यावर ठेवली. धाकटीला हसू आलं.

तिच्या हसण्याचं थोडं वर्णन करायला हवं. आधी कुठेतरी बिजागरी करकरावी तशी एक बारीक चीं व्हायची. मग क्षणभर काहीच नाही. शेजारच्याला वाटावं, बाई गुदमरली. आणि मग ते असं फुटायचं की आवरायला कुणाला तरी पाठ थोपटावी लागायची. त्या दिवशी ते फुटलं आणि पुढच्या रांगेतला एक गृहस्थ आधी तिच्या हसण्याला हसला, मग टोपीला हसला. त्याच्या बायकोला त्याचं हसू लागलं. बघता बघता अख्खं थिएटर हसत होतं, आणि प्रत्येकाची खात्री होती की आपण टोपीला हसतोय.

दुसऱ्या दिवशी नाटक कंपनीचे मॅनेजर कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. बारीक अंगाचे, कोटाला तीन बटणं आणि त्यातली दोन जागेवर.

"बाई, काल तुम्ही हसलात."

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. तिला लहानपणापासून हसण्याबद्दल बोलणीच खावी लागली होती.

"चुकलं कसलं? आज परत चुकाल का?"

मॅनेजरांचा त्या विषयाचा अभ्यास होता. पुस्तकातला नव्हे, तिकिटांच्या खिडकीतला. ते म्हणायचे, "हसू खोकल्यासारखं असतं. थिएटरात एकाला आला की सगळ्यांना येतो. माणूस विनोदाला हसत नाही हो, शेजाऱ्याला हसतो. आणि रिकामी खुर्ची कधी हसत नाही, म्हणून लोक थोडे असले की मी त्यांना खेटून बसवतो." ही विद्या त्यांना पोट भरताना मिळाली होती, त्यामुळे तिला काही नाव नव्हतं.

सुरुवातीला त्यांनी धाकटीला पहिल्या रांगेत बसवलं. लोकांना फक्त तिच्या मानेची मागची बाजू दिसली आणि वाटलं की पुढे कुणीतरी वेडी बाई बसली आहे. मग शेवटच्या रांगेत बसवलं, तर सगळे माना वळवून मागे बघायला लागले आणि स्टेजवरचा मुख्य नट पाठमोऱ्या डोक्यांसमोर विनोद करत राहिला. शेवटी तिसरी रांग, कडेची खुर्ची ठरली. तिथून तिचा अर्धा चेहरा लोकांना दिसायचा आणि अर्धा आवाज लोकांपर्यंत पोचायचा. माणसाला दुसऱ्याचं सगळं कळून चालत नाही, अर्धंच कळलं की बाकीचं तो आपल्या पदरचं घालतो.

एकदा मॅनेजरांना मोह झाला. एका बाईच्या हसण्याने इतकं होतं तर तिघींच्या हसण्याने किती होईल, असा त्रैराशिकाचा विचार करून त्यांनी आणखी दोघीजणी आणून बसवल्या. पहिल्याच विनोदाला तिघी एका तालात हसल्या. लोकांना वास आला. आपल्याला कुणीतरी हसवायला बघतंय हे एकदा कळल्यावर माणूस गुदगुल्या केल्या तरी हसत नाही. त्या दिवशी नाटकात प्रेताची शांतता होती, आणि त्या दोघी पुन्हा दिसल्या नाहीत.

मुख्य नटाला धाकटीबद्दल माहीत होतं, पण ते त्याच्या ध्यानात राहायचं नाही. प्रयोग रंगला की तो विंगेत घाम पुसत म्हणायचा, "आज मी काय सुटलो होतो." पडला की म्हणायचा, "आज प्रेक्षक दगड होते." यात लबाडी नव्हती. आपण सगळेच यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयश हवामानावर ढकलतो. त्याचं एवढंच की तो ते मोठ्याने बोलायचा.

अशी वर्षं गेली. थिएटरात तिला तिसरीबाई म्हणायला लागले. कारखान्यातही तिच्या हसण्याचा लौकिक झाला होता. बायका जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती बसायच्या आणि एकेक विनोद सांगून तिच्याकडे बघायच्या, खिडकीत पैसे सरकवून तिकिटाची वाट बघावी तसं. धाकटी हसायची. न हसून सांगते कुणाला? एकदा माणसाच्या कपाळावर हसरा म्हणून शिक्का बसला की रडणं हा त्याचा खोडसाळपणा समजला जातो. वडील गेले त्यानंतर ती कामावर आली आणि कॉलरवालीला म्हणाली, "आमचे वडील गेले गं." कॉलरवाली पुढचं ऐकायच्या आधीच खो खो हसली. नंतर बिचारी इतकी ओशाळली की धाकटीलाच तिची समजूत घालावी लागली, आणि ती तिने हसूनच घातली.

या सगळ्यात एक गोष्ट इतकी हळूहळू झाली की तिलाही कळली नाही. पहिल्या नाटकाला तिला हसू येत होतं. मग येतंय म्हणून मोबदला मिळायला लागला, आणि मोबदला मिळतो म्हणून ती आणायला लागली. पोट आत ओढायचं, खांदे सोडायचे, टाळूला जीभ लावून ती चीं काढायची, एक क्षण थांबायचं आणि सोडून द्यायचं. मुख्य नटाने तोंड उघडलं की तिची जीभ आपोआप टाळूला जायची. तिला वाटायचं, आपल्याला हसायला आवडतं म्हणून आपण हसतो. कामाची सवय आणि आवड यातला फरक काम सुटल्याशिवाय कळत नाही.

तो फरक एका माणसाला मात्र आधीच कळला होता. थोरलीला.

थोरली म्हणजे धाकटीची मोठी बहीण. एवढ्या मोठ्या जगात त्या दोघीच एकमेकींच्या. थोरलीचा नवरा कधीच गेला होता. तिला एक मुलगी होती, बँकेत लागलेली, शांत आणि व्यवस्थित. ती चमचे त्यांच्या उंचीप्रमाणे लावून ठेवायची. धाकटीने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "संध्याकाळी वेळ नसतो मला." विचारणाराही हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा. विषय मिटवायला हसण्यासारखा दुसरा उपाय नाही.

एका वर्षी थोरलीला धाप लागायला लागली. जिना चढताना लागायची, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. डॉक्टरांनी छातीचे फोटो खिडकीसमोर धरले, चष्मा वर केला, खाली केला आणि भाचीला बाहेर बोलावलं. डॉक्टर रुग्णाला आत ठेवून नातेवाइकाला बाहेर बोलावतात तेव्हा रुग्णाला सगळं कळतं. आपण सांगितलं नाही असं फक्त डॉक्टरांना वाटतं. भाचीने रजा टाकली. थोरलीचा पलंग मागच्या खोलीतून खिडकीच्या खोलीत आणला. धाकटी कारखान्यातून लवकर निघून रोज दुपारी तिच्याकडे यायला लागली, आणि तिथून थिएटरला जायची.

एके दिवशी भाची औषधं आणायला गेली होती. धाकटी थोरलीच्या उशाशी बसून संत्रं सोलत होती आणि कालच्या प्रयोगातला गोंधळ सांगत होती. मुख्य नटाची मिशी सुटून नायिकेच्या बाहीला चिकटली होती. सांगता सांगता ती हसली. थोरली हसली नाही.

"हे नको," थोरली म्हणाली.

"संत्रं?"

"हसणं. हे तिकडचं आहे."

"कुठलं तिकडचं?"

"तिसऱ्या रांगेतलं." थोरली श्वास जमवायला थांबली. "मी आले होते एकदा."

धाकटीच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं राहिलं. थोरली नाटकाला कधी आली नव्हती. मेहुण्यांना नाटकं आवडायची नाहीत, आणि ते गेल्यावर तिची सवय गेली होती.

"कधी? मला नाही बोललीस ते."

"काय बोलायचं? वर बाल्कनीत बसले. म्हटलं, तुला न सांगता बघावं तू कशी हसतेस. तू हसलीस, सगळे हसले. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती." थोरली पुन्हा थांबली. "मला नाही आलं हसू."

"विनोद जुना होता तो."

"विनोदाचं नाही. हसायच्या आधी तू श्वास घेतलास. तो दिसला मला वरून. खांदे वर झाले तुझे. तू श्वास कधी घेतेस गं हसायच्या आधी? तुझा तर जायचा. निळी पडायचीस. आई पाठीत धपाटा घालायची."

एवढ्या वर्षांत हे मॅनेजरांच्या लक्षात आलं नव्हतं, नटांच्या नाही, हजारो प्रेक्षकांच्या नाही. खऱ्या हसण्याआधी माणूस श्वास घेत नाही, कारण हसू येतंय हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. काम करणारा मात्र तयारी करतो.

"एकदा तसं हस," थोरली म्हणाली. "पूर्वीसारखं. मी आहे तोवर."

"असं काय बोलतेस, ताई."

"मग कसं बोलू? तू काय डॉक्टर आहेस, आडून बोलायला?"

पूर्वीसारखं म्हणजे कसं, हे दोघींना नेमकं माहीत होतं. त्यांच्या लहानपणी एका संध्याकाळी वडिलांच्या ऑफिसातले साहेब घरी आले होते. वडिलांची बढती अडली होती आणि ती साहेबांच्या हातात होती. साहेबांना एक सवय होती. प्रत्येक वाक्याआधी ते घसा खाकरायचे, "अं-हं." साहेब म्हणाले, "अं-हं, घर छान आहे." वडील म्हणाले, "अं-हं, आपली कृपा." वडिलांच्या घशाला काही झालेलं नव्हतं. थोड्या वेळाने आई आतून म्हणाली, "अं-हं, चहा झालाय." ज्याच्यापुढे मान झुकते त्याचं खाकरणंही आपल्या घशात येतं, आणि ते आल्याचं फक्त आपल्याला कळत नाही. दोन्ही मुली कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. थोरलीने धाकटीकडे बघितलं. एवढंच झालं. धाकटीच्या तोंडून ती चीं निघाली आणि मग दोघींचं जे सुटलं ते सुटलंच. साहेबांना वाटलं, आपल्याला हसतायत. ते बरोबरच होतं.

साहेब गेल्यावर वडिलांनी दोघींना दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मध्ये एक भिंत होती. घरात स्मशानशांतता. धाकटीला रडू यायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून अगदी हळू, अगदी आदबीने आवाज आला, "अं-हं."

त्या रात्री दोघींना जेवण मिळालं नाही. बढतीही मिळाली नाही, पण ती बहुधा मिळणारच नव्हती. त्यानंतर कित्येक वर्षं, लग्नात, भांडणात, वडील गेले तेव्हा, दवाखान्यात, कुठेही एकीने "अं-हं" केलं की दुसरीला जागा सोडून पळावं लागायचं. मधल्या काही वर्षांत ते कधी बंद पडलं हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. घरातला एखादा दिवा जातो, आपण दुसऱ्या दिव्याखाली बसायला लागतो, आणि मग तो कधी गेला ते आठवत नाही.

त्या दिवसापासून धाकटीला दुसरं काही सुचेना. बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि जे मागितलं होतं ते तिच्याकडे गावभर वाटायला होतं, फक्त घरात द्यायला नव्हतं. ती रोज नवीन काहीतरी घेऊन यायची. कारखान्यातल्या गमती, घरमालकाची नक्कल, बसमधल्या भांडणाची नक्कल. थोरली ऐकायची आणि तिच्या खांद्यांकडे बघायची. खांदे वर झाले की डोळे मिटून घ्यायची. कुणी आपल्या खांद्यांकडे बघतंय हे कळल्यावर हसू काय, नीट चालताही येत नाही. झोप येण्यासाठी जितकी धडपड करावी तितकी ती लांब जाते, तशातली गत. आणि "अं-हं" करायची धाकटीची हिंमत होईना. ते करून पाहिलं आणि तरी नाही आलं, तर?

थिएटरातही परिणाम दिसायला लागला. एका प्रयोगाला ती वेळेवर हसली, पण लोक हसले नाहीत. मॅनेजर मध्यंतरात जवळ येऊन म्हणाले, "बाई, बरं नाही का? आज हसताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हसणारा माणूस कुणाकडे बघत नसतो."

"बहीण आजारी आहे."

मॅनेजरांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दुसऱ्या अंकातले दोन लाफ्टर तेवढे सांभाळा." ते वाईट माणूस नव्हते. पडदा ठरल्या वेळेला वर न्यायचा, हे त्यांचं काम होतं, आणि कामाच्या खुर्चीत बसलेला माणूस आधी खुर्चीसारखा वागतो, मग माणसासारखा. घरी गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळांची टोपली पाठवली.

थोरलीचं बोलणं कमी होत गेलं. भाची तिला चमच्याने पाणी पाजायची आणि चमचा धुऊन त्याच्या जागी ठेवायची. डॉक्टर आता कुणालाच बाहेर बोलवत नव्हते.

एका दुपारी भाची पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मधलं दार लोटलेलं होतं. धाकटी नेहमीच्या जागी बसली होती आणि तिने त्या दिवशी काही आणलं नव्हतं. ना गंमत, ना नक्कल. संपलं होतं सगळं. ती नुसता थोरलीचा हात धरून खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर वाळणारी चादर बघत होती.

थोरलीने डोळे उघडले. छताकडे बघितलं. आणि म्हणाली, "अं-हं."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने श्वास घेतला, खोल, खांदे उशीवरून किंचित उचलेपर्यंत, आणि ती हसली. बारीक, तुटक, पण हसणंच. हे तिसऱ्या रांगेतलं काम आहे, हे धाकटीला पहिल्या क्षणाला कळलं. थोरलीला हसू आलेलं नव्हतं. आपल्याला यावं म्हणून ती आधी हसत होती. जी एरवी कधी नाटकाला गेली नाही, तिने एकदा बाल्कनीतून बघून सगळी कला शिकून घेतली होती आणि आता ती धाकटीवरच चालवत होती.

किंवा तसं नव्हतंही. छाती अशी झालेली बाई काहीही करायच्या आधी श्वास घेणारच. पाणी प्यायच्या आधी घ्यायची, कूस बदलायच्या आधी घ्यायची. कदाचित ते हसू खरंच होतं. तो श्वास हसण्याचा होता की आजाराचा, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि विचारायला वेळ नव्हता.

कारण थोरली हसता हसता तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती.

धाकटीने पोट आत ओढलं, खांदे सोडले, जीभ टाळूला लावली. ती चीं काढली, एक क्षण थांबली आणि सोडून दिलं. आयुष्यातलं सगळं कौशल्य तिने त्या एका हसण्यात ओतलं. श्वास तिने इतका चोरून घेतला की तिचा तिलाही ऐकू आला नाही. दोघी हसत राहिल्या, एकमेकींचे हात धरून, एक पलंगावर, एक खुर्चीवर. आणि मग पलीकडच्या खोलीतून तिसरा आवाज आला. भाची हसत होती. काय झालंय ते तिला माहीत नव्हतं, कोण कशाला हसतंय ते दिसत नव्हतं, हातात अर्धी घडी केलेला टॉवेल असेल. पण ती भिंतीपलीकडे मनापासून, आवरता येऊ नये असं हसत होती. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणीतरी खरं हसलं ते तेवढंच.

थोरलीला खोकल्याची उबळ आली तेव्हा ते थांबलं. धाकटीने तिला उठवून टेकवलं. उबळ गेल्यावर थोरली हळूच म्हणाली, "आलं बघ."

"आलं," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. तिला खरंच पटलं होतं, की धाकटीला पटावं म्हणून ती पटल्यासारखं दाखवत होती, याचा विचार धाकटी पुढे पुष्कळ दिवस करणार होती. दोन माणसं एकमेकांच्या सुखासाठी एकमेकांना फसवतात आणि दोघांनाही वाटतं की फसवणारे आपण एकटेच. बहुतेक संसार याच्यावरच उभे असतात.

त्या आठवड्यातच थोरली गेली. पहाटे, झोपेत, कुणाला त्रास न देता. चमच्यांच्या खणातला तिचा चमचा बरेच दिवस तसाच राहिला.

घरी लोक भेटायला येऊन गेले. सुरुवातीला सगळे चपला काढून आत येत आणि गप्प बसत. कुणाला रडायला यायचं नाही असं नव्हे, पण आधी कुणी रडत नव्हतं. मग कॉलरवाली आली, दारातच मोठ्याने रडली, आणि खोलीतले सगळे मोकळे झाले. मॅनेजर आले, कोपऱ्यात उभे राहिले. त्यांनी खोलीवर एक नजर फिरवली, बहुधा सवयीने. बाहेर पडताना म्हणाले, "बाई, घाई नाही. खुर्ची आहेच." धाकटीने मान हलवली. हो की नाही, ते त्यांना कळलं नाही. तिलाही कळलेलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मावशी आणि भाची दोघीच उरल्या. भाचीने पलंग पुन्हा मागच्या खोलीत नेला होता, त्यामुळे खिडकीची खोली भलतीच मोठी वाटत होती. दोघी जमिनीवर बसल्या.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही कशाला हसत होता गं?"

"कुठल्या दिवशी?"

"ते गं. मी घड्या करत होते. आई इतकी हसत होती. मला आत यावंसं वाटत होतं, पण म्हटलं, तुम्हा दोघींचं काहीतरी आहे." भाची गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "सगळ्यांना सांगितलं मी. आई शेवटी हसत होती म्हणून. कशाला हसत होती पण?"

ते हसणं कुणाचं होतं आणि कुणासाठी होतं, हे सांगायचं तर भाचीकडे उरलेली एकच चांगली आठवण हातातून काढून घ्यावी लागली असती. म्हणून धाकटीने साहेबांची गोष्ट सांगितली. साहेब, वडील, चहा, स्टूल. दोन खोल्या, मधली भिंत. साहेबांचा आवाज काढला, आजोबांचा काढला, आजीचा काढला. चांगली सांगितली, नक्कल करायची तिला वर्षानुवर्षांची सवय होती. भाची लक्ष देऊन ऐकत होती. गोष्ट संपली.

"मग?" भाची म्हणाली.

"मग काही नाही. भिंतीतून आवाज आला आणि आम्ही हसलो."

"एवढंच?"

"एवढंच."

भाचीने मान हलवली. तिला हसू आलं नव्हतं, आणि येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. विनोद गोष्टीत नव्हता. तो दोन खोल्यांत निम्मा निम्मा ठेवलेला होता, आणि त्यातली एक खोली आता रिकामी होती. धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. पलंग टेकायचा तिथे रंग उडालेला एक पट्टा होता.

संध्याकाळ व्हायला आली होती. थिएटरात आता तिकिटांची खिडकी उघडली असेल. भाची उठली. दिवसभर रडून तिचा घसा भरला होता. दारात थांबून तिने घसा साफ केला, हळूच, पाठमोरी, स्वतःशीच.

"अं-हं. चहा टाकते, मावशी."

धाकटीच्या तोंडून एक बारीक चीं निघाली. मग क्षणभर काहीच नाही. तिचा श्वास गेला होता. तोंड उघडं, हात जमिनीला टेकलेला, चेहरा निळा पडायला लागलेला. आणि मग ते फुटलं. तिने तोंडावर पदर धरला, मान खाली घातली, खांदे गदागदा हलत होते.

भाची धावत आली. तिच्या पाठीशी बसली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. "रड, मावशी," ती म्हणाली. "रड, बरं वाटेल."

धाकटीला तिला सांगायचं होतं, पण बोलता येईना. आणि श्वास परत येईपर्यंत भाचीचंच म्हणणं खरं झालं होतं.